तुडवलेला उतार

कल्पिता मढवी बर्फावरून घसरण्याच्या शर्यतीत चारदा देशात पहिली आली, हे डोंबिवली पश्चिमेला सांगितलं तर आजही निम्मे लोक विचारतात, "इथे बर्फ कुठे आहे?" तो कुठेच नाही. खाडीकाठच्या तिच्या गावात थंडी म्हणजे जानेवारीत पहाटे कानाला फडकं बांधण्याइतकी. पण उतार असला की घसरता येतं, आणि उतार तिला मिळाला होता.

तो उतार एका पुलाचा. खाडीवरचा पूल बांधून तयार होता, रंग लागला होता, दिवे लागले होते. उद्घाटनाला मोठा पाहुणा मिळत नव्हता म्हणून पूल बंद. पहाटे गावातली म्हातारी माणसं त्यावर फिरायला जात आणि कल्पिता चाकांचे बूट घालून त्याच्या उतारावरून खाली येई. ठाण्याहून हेमाताई परचुरे येत. त्या शाळेत स्केटिंग शिकवायच्या. तरुणपणी मनालीला जाऊन बर्फावरचं स्की शिकून आलेल्या, पुढे संसारात ते राहून गेलेलं. त्या पुलावर पाण्याच्या बाटल्या एकआड एक डावी-उजवीकडे मांडत आणि पोरींना त्यांच्यामधून वळणं घेत यायला लावत. बाटली पडली की परत वर चढायचं, चालत. इतर मुली आठवड्याभरात कंटाळल्या. कल्पिता चढत राहिली. पुलाचं उद्घाटन लांबलं याचा आनंद झालेली अख्ख्या तालुक्यात ती एकटीच असेल.

बारावी झाल्यावर हेमाताई घरी आल्या. घर म्हणजे जमिनीच्या जागी इमारत उभी राहिल्यावर मागे बांधलेला दोन मजली बंगला, पुढे ओटा, ओट्यावर आजोबा धाकू मढवी. हेमाताईंनी सांगितलं की मुलीला मनालीला न्यायचं आहे, महिनाभर, बर्फावर.

कल्पिताचे वडील तानाजी म्हणाले, "बाई, बरफ बघाचा हाय त लगीन झाल्याव जाल. सगलीच जातान मनालीला."

"तिला बघायचा नाहीये," हेमाताई म्हणाल्या. "तिला त्यावरून खाली यायचं आहे."

"खाली येवाला वर कशाला जावाचा?"

धाकू ओट्यावरून म्हणाला, "जाऊ दे रं तिला. परत येल नं? मंग." एवढ्यावर काम झालं. आईने डब्यात सुकट भरून दिली. मनालीच्या वसतिगृहात तो डबा उघडला आणि शेजारच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या.

बर्फावर ती पहिल्या दिवशी पडली तितकी पुलावर वर्षभरात पडली नसेल. तिने पडणं मनावर घेतलं नाही. उठायचं कसं ते आधी नीट शिकली. महिनाअखेर तिच्यापेक्षा जुनी पोरं तिला वाट देऊ लागली.

हा खेळ समजायला सोपा आहे. उतारावर लाल आणि निळे दांडे रोवलेले असतात. दोन्ही पायांना लांब पट्ट्या, म्हणजे स्की, बांधून, एकही दांडा न चुकवता, डावं-उजवं वळत खाली यायचं. दोन फेऱ्या, दोन्ही वेळांची बेरीज. ज्याची कमी, तो पहिला. बाकी सगळं पायात.

पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत ती तिसऱ्याच दांड्याला आडवी झाली. पुढच्या वर्षी चौथ्याला. हेमाताईंनी मोबाइलवर काढलेलं चित्रण लावून तिला समोर बसवलं.

"कुठे बघतेयस?"

"खाली."

"खाली म्हणजे?"

"पायाकडे."

"पाय कुठे पळून जाणार आहेत का? दोन दांडे पुढे बघायचं."

कळत होतं, पण मान वर होत नव्हती. खाडीकाठच्या माणसाची मान अशीच असते. तिकडे वाट म्हणजे बांध, हातभर रुंद, दोन्ही बाजूंना चिखल. लहान मूल चालायला लागलं की पहिलं वाक्य ऐकतं ते 'खाली बघ'. कल्पिताने ते वाक्य सतरा-अठरा वर्षं पाळलं होतं. बर्फावर तेच तिला पाडत होतं.

हेमाताईंनी उपाय काढला. कल्पिताने रोज सकाळी गावच्या बांधावरून चालायचं, नजर पलीकडच्या विजेच्या खांबावर ठेवायची, पायाकडे बघायचं नाही. पहिल्या दिवशी ती तीनदा चिखलात बसली. धाकटा भाऊ हितेश बांधावर उभा राहून चिखलातल्या माशांची चौकशी करत होता, "दीदी, निवट्या गावल्या का? आईला सांगू, मसाला वाट?" ती चिखलाने भरलेली उठली, त्याच्या टी-शर्टला हात पुसले आणि परत चालू लागली. दिवाळीपर्यंत ती त्या बांधावरून धावत होती, मान वर ठेवून. गावातल्या बायका म्हणाल्या, तानाजीची पोर शिष्ट झाली, खाली बघत नाही.

त्या हिवाळ्यात ती देशात पहिली आली. मग आणखी दोनदा. एकदा परदेशातही जाऊन आली. तिकडे तिचा नंबर साठाच्या पुढे होता. हे ती कोणापासून लपवत नसे. गावात सत्कार झाला तेव्हा भाषण करणाऱ्याने 'जगज्जेती' असा शब्द वापरला. तिने माईक घेऊन दुरुस्ती केली आणि खाली बसली. तानाजी आठवडाभर तिच्यावर नाराज होते.

वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत ती कल्याणच्या एका शाळेत खेळाच्या बाई होती. शाळा सुटली की जिने चढायची, वाकलेल्या गुडघ्यांनी भिंतीला टेकून बसायची, सायकलवरून टिटवाळ्यापर्यंत जाऊन यायची. हिवाळ्यातले दीड-दोन महिने बर्फावर, बाकीचे दहा महिने त्या बर्फासाठी. लग्नाची स्थळं आली आणि गेली. तिला खंत नव्हती. जे करत होती ते तिला आवडत होतं आणि ते ती नीट करत होती.

मग उजवा गुडघा गेला. शर्यतीत नाही, सरावात, अगदी शेवटच्या साध्या वळणावर. आतला अस्थिबंध तुटला. ठाण्याला शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, चालाल, जिने चढाल, वर्गातल्या मुलांमागे धावाल. शर्यत सोडा.

"आता बस झाला," तानाजी म्हणाले. "तीनदा झाली नं पहिली? कंचा देव कमी पडला?"

कल्पिताला शर्यत सोडायची होतीच. एकतीस वर्षांची झाली होती. पण गुडघ्याने सांगितलं म्हणून सोडायची नव्हती. तिचं म्हणणं एवढंच होतं, की एकदा परत पहिलं यायचं आणि मग आपल्या पायांनी बाजूला व्हायचं. हट्ट म्हणा. एक हिवाळा पूर्ण गेला, पाय सरळ करण्यात आणि वाकवण्यात. दुसऱ्या हिवाळ्यात ती काश्मीरला राष्ट्रीय स्पर्धेला आली. हेमाताईंनी आधीच बजावलं, "ही शेवटची. जिंकलीस तरी आणि हरलीस तरी."

"जिंकून," कल्पिता म्हणाली.

अडचण अशी झाली, की त्या वर्षी बर्फच धड नव्हता. फेब्रुवारीतच ऊन चढलं. उतार वरून पांढरा दिसायचा, पाऊल टाकलं की गुडघ्यापर्यंत आत. बर्फ दाबणारं यंत्र शर्यतीच्या दोन दिवस आधी बंद पडलं आणि त्याचा भाग खालून यायला आठवडा लागणार होता. अशा भुसभुशीत उतारावर पहिल्या पाच-सहा जणी बऱ्या जातात. त्यांच्या वळणांनी खड्डे पडतात आणि मागून येणाऱ्या त्या खड्ड्यांत आपटतात. कोणी आधी जायचं ते मागच्या दोन वर्षांच्या कामगिरीवर ठरतं. कल्पिताची त्या काळातली कामगिरी म्हणजे एक पलंग आणि एक कुबडी. तिचा नंबर जवळजवळ शेवटचा लागला.

संयोजकांनी सगळ्या संघांना बोलावलं आणि सांगितलं, उतार पायांनी तुडवा. तुडवलं नाही तर शर्यत रद्द. तुडवण्याची रीत तिथे नवीन नव्हती, यंत्र येण्याआधी तसंच चालायचं. प्रत्येक राज्याला एक पट्टा वाटून दिला. महाराष्ट्राची माणसं मोजकी आणि बैठकीला पोचली उशिरा, म्हणून त्यांना सगळ्यात खालचा पट्टा मिळाला. सर्वांत उभा, सर्वांत ओला, आणि काम झालं की परत वर चढायचं ते वेगळंच.

इतर संघांनी हात धुवावेत तसे सकाळीच पट्टे उरकले. जड बुटांनी इकडेतिकडे पाय मारले आणि दुपारी जेवायला गेले. महाराष्ट्राच्या पोरीही तुडवायला निघाल्या, तर कल्पिता म्हणाली, "आत्ता नाही. चारला."

"का ताई?" ऐश्वर्याने विचारलं. ही एकोणीस वर्षांची, टिटवाळ्याच्या नव्या इमारतींतली, हेमाताईंचीच विद्यार्थिनी. त्या वर्षी देशातली सगळ्यात वेगवान पोर तीच होती आणि ते तिला माहीत होतं.

"आत्ता रबडी आहे. पाय मारला की बाजूने वर येते. ऊन गेल्यावर तुडवायचं, रात्री गोठतं."

"आपण काय रोडरोलर आहोत का?"

"हो."

हे कल्पिताला कोणी बर्फावर शिकवलं नव्हतं. ती सात-आठ वर्षांची असताना धाकू तिला कोपरीच्या बाजूला मिठागरावर घेऊन जाई. तो तिथे उमेदीची सगळी वर्षं राबलेला. हंगाम सुरू होण्याआधी वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो, नाहीतर मीठ चिखलात जातं. तळ फार ओला असताना तुडवला तर पाय वर ओढताना मातीही वर येते, सुकल्यावर तुडवला तर काही होत नाही. मधली एक वेळ असते. धाकू अंगठा दाबून बघायचा. मग सगळे एका ओळीत, एकमेकांच्या खांद्यावर हात. "पाय उचलून टाकू नको गो," तो नातीला सांगायचा, "लावून टाक. पावलाला पाऊल भिरला पायजे." तिची इवली पावलं ओळीत बसायची नाहीत, म्हणून तो तिला दोन पावलं जास्त टाकायला लावायचा. तेव्हा तो तिला खेळ वाटला होता.

चारला ऊन डोंगराआड गेलं. कल्पिताने हातमोजा काढून अंगठा दाबला. बर्फ दबला, पाणी आलं नाही. तिने पोरींना ओळीत उभं केलं, खांद्यावर हात ठेवायला लावले आणि सुरुवात झाली. टाच आधी, मग चवडा, मग पूर्ण भार. दुसरं पाऊल पहिल्याला चिकटून. एक ओळ झाली की हातभर खाली.

थोड्या वेळाने ती थांबली. "ऐश्वर्या, मागे बघ."

मागे ऐश्वर्याच्या पायाखालून गेलेल्या पट्ट्यात पावलापावलात वीतभर जागा सुटली होती.

"चालतं ना ताई एवढं."

"नाही चालत. परत."

"पूर्ण?"

"सुटलंय तिथून."

ऐश्वर्या तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली, ते हिंदीत होतं आणि चांगलं नव्हतं. पण ती वर चढली आणि परत तुडवत आली. बाकीच्या थांबून राहिल्या, कोणी हसलं नाही. वरून चहाचे पेले घेऊन चाललेल्या दुसऱ्या संघाच्या एका मुलाने ओरडून विचारलं, "शादी में नाच रहे हो क्या?" हेमाताईंनी खालून उत्तर दिलं, "हो, हळद आहे. तूही ये." तो आला नाही. अंधार पडेपर्यंत पट्टा संपला. शेवटी कल्पिताने स्की बांधल्या, त्या आडव्या धरून पट्ट्यावरून घसरत आली आणि उंचवटे सारखे केले. गुडघा ठणकत होता. तिने बर्फाची पिशवी बांधली आणि जेवली.

सकाळी पहिली फेरी झाली. कल्पिताची पाळी आली तोवर वरच्या भागात दांड्यांभोवती न्हाणीएवढे खड्डे पडले होते. तिने घाई केली नाही. खड्ड्यांच्या बाहेरून लांब वळणं घेत आली, वेळ गेला तर जाऊ दिला. खालच्या पट्ट्यावर येताच पायाखाली आवाज बदलला. वर भसभस होती, इथे करवत लाकडात चालावी तसा आवाज. तिने अंग पुढे टाकलं. फेरी संपली तेव्हा ती तिसरी होती आणि ऐश्वर्या पहिली.

दुसऱ्या फेरीत क्रम उलटा असतो. पहिल्या फेरीतली पहिली सर्वांत शेवटी जाते. म्हणजे कल्पितानंतर दोघीच, त्यातली अखेरची ऐश्वर्या. मधल्या दोन तासांत ऊन चढलं. वरचा भाग खिरीसारखा झाला. सगळे प्रशिक्षक आपापल्या मुलींना सांगत होते, वरच अशी गत आहे तर खाली याहून वाईट असणार. उभ्या पट्ट्याच्या तोंडाशी वेग कमी करा, पाय मोडून घेऊ नका.

हेमाताईंनीही तेच सांगितलं. "गुडघा सांभाळ. तोंडाशी थोडा वेग रोख."

कल्पिताने स्की काढून ठेवल्या आणि ती कडेकडेने पट्ट्यापर्यंत चालत उतरली. अंगठा दाबला. वरची साय मऊ झाली होती, आत दगड होता. ती तशीच वर चढून आली. उतरताना आणि चढताना ती गुडघ्याला विचारत होती, आणि तो काही तक्रार करत नव्हता.

वर रांगेत ऐश्वर्या उभी होती. चेहरा उतरलेला. सकाळची ऐट गेली होती.

"ताई, तू खाली जाऊन आलीस ना?"

"हो."

"कसं आहे?"

कल्पिताला जिंकायचं होतं. दीड वर्षं ती या एका फेरीसाठी जिने चढली होती, आणि समोर उभी असलेली पोर तिच्याहून वेगवान होती. 'मऊ झालंय' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. सगळे तेच म्हणत होते, कोणी तिला दोष दिला नसता.

"वर सांभाळ," ती म्हणाली. "खाली धरतंय. तिथे अजिबात रोखू नको. सोड."

"पक्कं?"

"आपणच तुडवलंय ना."

तिचा नंबर पुकारला.

वरचा भाग तिने निभावला. दोनदा उजवा पाय खड्ड्यात उतरला आणि दोनदा तो तिने बाहेर काढला. पट्ट्याचं तोंड आलं. आधीच्या सगळ्या तिथे वेग रोखायला स्की आडव्या करत होत्या, त्यांचे आडवे ओरखडे बर्फावर दिसत होते. ती त्या ओरखड्यांवरून सरळ उडी घेतल्यासारखी पट्ट्यात उतरली. खालचा बर्फ पायाला लागला आणि त्याने धरलं. पुढे तिने काही केलं नाही. नजर दोन दांडे पुढे ठेवली आणि पाय त्यांच्या कामाला सोडून दिले. रेषा ओलांडून थांबली तेव्हा फलकावर तिचं नाव सगळ्यांच्या वर होतं.

तिच्यानंतरची पोर तोंडाशी वेग रोखून आली, मागे पडली.

मग ऐश्वर्या. वरच्या भागात ती इतकी सुरेख आली की हेमाताईंनी कल्पिताचा दंड घट्ट धरला. मध्यावर ती पुढे होती, चांगली पुढे. पट्ट्याच्या तोंडाशी आली. तिने रोखलं नाही. पण अंग किंचित मागे गेलं, डावा हात थोडा उघडला, पाय रोखायला तयार झाले आणि मग तिने ते सोडले. बघणाऱ्याला कळलंही नसतं. तेवढ्यात डोळ्याची पापणी लवते, आणि तेवढ्यानेच ती मागे पडली.

फलकावर कल्पिताचं नाव वरच राहिलं.

ऐश्वर्या चष्मा वर करून आली. धापा टाकत होती. "मी ब्रेक मारला, ताई."

"ब्रेक नाही. विचार केलास."

"तू सांगितलेलंस तरी."

"सांगितल्याने एकदम होत नाही," कल्पिता म्हणाली आणि तिला जवळ ओढलं. दोघींची शिरस्त्राणं एकमेकांवर आपटली. ऐश्वर्या थोडी रडली, मग म्हणाली, "काल मला परत वर चढवलंस ना, तेव्हा तुला खूप शिव्या दिल्या मी."

"ऐकल्या. एक मला नवीन होती."

घरी फोन लावला तो तानाजींनी उचलला. "कितवी?"

"पहिली."

"जेवलीस?"

"जेवते आता."

"आज्याला सांगतो," ते म्हणाले, आणि फोन बंद न करताच ओट्याकडे ओरडत गेले.

संध्याकाळी हेमाताई तिच्या खोलीत आल्या. कल्पिता पलंगाच्या कडेला बसून बुटांची आतली अस्तरं वाळायला काढत होती. स्की पुसून, कडांना तेल लावून भिंतीला उभ्या केल्या होत्या. वापरायच्या नसल्या तरी ओल्या ठेवायच्या नसतात.

"मग?" हेमाताईंनी विचारलं. "ठरल्याप्रमाणे?"

"ठरल्याप्रमाणे. थांबले."

"गुडघा?"

कल्पिताने उजवा पाय पुढे केला, पूर्ण सरळ केला, पूर्ण वाकवला, परत सरळ केला.

"बरा आहे," ती म्हणाली. "आणखी दोन वर्षं चालला असता."

"पश्चात्ताप?"

"छे. चला, भात गार होईल."